भात्याची छाती

बैल म्हातारा झाला की जू खांद्यावर येताना आपली मान आपणच खाली करतो. वय झालं हे त्याला कळतं, आणि ते लपवावं असं त्याच्या मनातही येत नाही. एवढी अक्कल बहुतेक जनावरांना दिलेली आहे. माणसाला देताना देणाऱ्याचा हात जरा आखडला असावा, आणि आमच्या गावच्या बँडमास्तरची पाळी आली तेव्हा तर मूठ पार मिटली होती.

हा मास्तर अडतीस वर्षं बँडमध्ये पहिला ट्रंपेट वाजवत होता. पहिला म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा, ज्याच्या मानेच्या इशाऱ्यावर बाकीचे पंधरा जण फुंकतात आणि थांबतात. गाव त्याला भाता म्हणायचं. लोहाराच्या भात्यासारखी छाती, म्हणून भाता. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर त्यानंच ठेवून घेतलं असावं. कुणी नुसतं 'मास्तर' म्हटलं तर त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. बँडचे कोट त्याची बायको शिवायची. आपला कोट बेतताना तो तिला बजावायचा, "छातीला दोन बोटं सैल ठेव." मग तो सैल कोट घालून हा रस्त्यानं निघायचा, आणि वाऱ्यानं कापड फुगलं की ती आपली छाती समजायचा.

वाजवायचा बरा. उगाच खोटं कशाला बोला. शेवटचा सूर धरून ठेवायची त्याला खोड होती. बाकीचे गाणं संपवून वाद्यं खाली घ्यायचे आणि हा एकटाच मान वर करून तो एक सूर ताणत राहायचा. खोल विहिरीतून भरलेला पोहरा वर यावा तसा, सावकाश, थेंबही न सांडता. पोरं बोटांवर मोजायची. म्हातारी माणसं काठी टेकून थांबायची. सूर संपला की टाळ्या. त्या टाळ्यांवर हा माणूस जगत होता, जेवण आपलं नावाला.

पन्नाशीत त्याला दमा लागला. दमा म्हणजे काही पाप नव्हे. गिरणीवाल्याला आहे, शाळेच्या शिपायाला आहे, धान्य पाखडणाऱ्या निम्म्या बायकांना आहे. चारचौघांत खोकतात, चारचौघांत पंप तोंडात धरून फवारा ओढतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण भात्याला दमा? छे! चोरीचं सोनं लपवावं तसा त्यानं तो लपवला. गावातल्या औषधवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून पंप आणायला हा तीन गावं ओलांडून जायचा. बायकोनं लाल कोटाला आतून, डाव्या काखेखाली, पंपापुरता एक खिसा शिवून दिला. वाजवायला उभं राहायच्या आधी पाव तास हा संडासात जायचा, दोन फवारे ओढायचा, छाती मोकळी झाली की कोट झटकत बाहेर यायचा. लग्न असो नाहीतर मर्तिक, आधी संडास आणि मग ट्रंपेट. अकरा वर्षं.

एकसष्टाव्या वर्षी त्याच्या छातीनं दुसरं दुखणं काढलं. गावचे जुने स्टेशनमास्तर वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत स्मशानाचा चढ चढताना याच्या छातीवर कुणी जात्याचा दगड ठेवावा तसं झालं. कळ जबड्यापर्यंत गेली. थांबला, की थांबली. चालला, की पुन्हा आली. बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून हा त्या चढावर तीनदा खाली बसला. मागून त्याचा धाकटा भाऊ चालत होता. तो दुसरा ट्रंपेट वाजवतो. थोरल्यापुढे सूर चढवणं त्याला कधी जमलं नाही, कारण त्यानं कधी मनावरच घेतलं नाही. त्यानं घरी येऊन वहिनीला सांगितलं.

"वहिनी, दादा चढावर तीनदा बसला."

"नाडी सुटली होती म्हणाले."

"त्या बुटांना नाडी कुठाय, वहिनी?"

बायकोनं मग पाठ धरली. आठ दिवस तिनं त्याला सुखानं बसू दिलं नाही, तेव्हा कुठे तो डॉक्टरीणबाईंकडे जायला निघाला. तिनं पायात चपला सरकवल्या.

"तू कुठे निघालीस?"

"येते की बरोबर."

"मी काय बाळंतपणाला चाललोय?"

"बरं, एकटे जा. पण विचारतील ते खरं सांगा."

"माझी छाती मला माहीत आहे."

या डॉक्टरीणबाई सायकलच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत बसायच्या. बाई अंगानं बारीक, चष्मा जाड, आणि प्रश्न फार. म्हणूनच गावाला त्या फारशा आवडत नव्हत्या. आमच्या गावाला डॉक्टर हवा तो ज्योतिषासारखा. त्यानं मनगट धरावं, डोळे मिटावेत आणि काय झालंय ते आपणहून ओळखावं. जो विचारतो त्याला येत नाही, असा आमचा हिशेब. ढोरांच्या बाजारात आम्ही बैलाचे दात मोजतो, शेपूट उचलून बघतो, वीस प्रश्न विचारतो. स्वतःच्या जिवाची पाळी आली की एका प्रश्नात आमचा अपमान होतो.

माडीवर चढायच्या आधी भात्यानं काय केलं असेल? सायकलवाल्याचा संडास गाठला. समोर कुणी छाती ऐकणार असेल तर ती आधी झाडून घ्यायची, ही हाडात मुरलेली सवय. आणि हे ऐकणारे कान शिकलेले, म्हणून दोनाच्या जागी चार फवारे.

बाईंनी छाती ऐकली. धुतलेल्या पाटीसारखी साफ. दाब बघितला, ठीक होता. हृदयाच्या आलेखाची पट्टी काढली. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिल्या. नाडी एकशे आठ.

"चढावर दुखतं आणि थांबलं की जातं. असंच ना?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"दुसऱ्याला झेपलं नसतं, एवढं."

बाई हसल्या नाहीत. "हृदयाला रक्त कमी पडतंय, मास्तर. यावर गोळ्या आहेत, पण कुठली द्यायची ते तुमच्या उत्तरांवर आहे. दमा आहे?"

"मला?" त्यानं खुर्चीत छाती पुढे काढली. "बाई, तुम्ही गावात नव्या दिसता."

"सहा वर्षं झाली मला. कधी छातीत शिट्टी वाजते? पंप घ्यावा लागतो?"

"माझ्या छातीतून ट्रंपेट वाजतो. शिट्ट्या पोरं वाजवतात."

"हसण्यावारी नेऊ नका. नीट ऐका." बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक गोळी आहे, ती हृदयाची धाव कमी करते. बसल्याजागी तुमची नाडी एकशे आठ आहे. एवढं धावतंय म्हणून त्याला रक्त पुरत नाहीये. तेव्हा तुम्हाला तीच सगळ्यात लागू पडेल. पण दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या ती आवळते. दमा असेल तर मी दुसरी देईन, रक्तवाहिन्या सैल करणारी. दोन्ही चांगल्या आहेत, मला लिहायला सारखाच वेळ लागतो. म्हणून तिसऱ्यांदा विचारते."

खोलीचं दार लावलेलं होतं. आत दोघंच होती. खिडकीतून खालच्या दुकानात चाक फिरवून बघत असल्याचा आवाज येत होता. एक 'हो' म्हणायचं, की काम झालं. मेंढरूसुद्धा पाय दुखला की मेंढपाळापुढे तोच पाय उचलतं.

आणि ती नाडी. ती एकशे आठ का होती, हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं. पंपाचा फवारा छाती मोकळी करतो तसा काळजालाही पळवतो. फवाऱ्यांनंतर याचे हात थरथरायचे, म्हणून तर हा वाजवण्याआधी पाव तास थांबायचा. आज थांबला नव्हता. बाई पंपाची धाव मोजत होत्या आणि ती हृदयाची समजून औषध ठरवत होत्या. यानं त्यांना तो आकडा लिहिताना बघितलं. मनात म्हणाला, आपला दमा काही खरा दमा नव्हे. हवा बदलली की होतो.

"नाही," तो म्हणाला. "दमा नाही."

बाईंनी धाव कमी करणारी गोळी लिहिली. बरोबर रक्त पातळ ठेवणारी एक, आणि कळ आलीच तर खाली बसून जिभेखाली धरायची एक. आठ दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या. गावच्या औषधवाल्यानं गोळ्या काढून दिल्या. तो बोलघेवडा खरा, पण धंद्यात पक्का; पंपाचं गिऱ्हाईक त्याचं असतं तर ही चिठ्ठी बघून त्यानं तिथेच हात आडवा घातला असता. त्याच्या दप्तरी भाता म्हणजे ठणठणीत माणूस होता.

पहिले चार दिवस भाता गावभर हिंडला. स्मशानाचा चढ मुद्दाम चढून आला. कळ नाही. "एक गोळी, बस!" असं ज्याला त्याला सांगत सुटला. पाचव्या दिवशी पहाटे छातीत मांजरीची पिल्लं बोलू लागली. दोन फवारे ओढले, पिल्लं गप्प होईनात. सहा ओढले. दुसऱ्या दिवशी दहा. त्यानं पंप हलवून बघितला, कानाशी धरला, दुकानदाराला शिव्या घातल्या आणि तीन गावं ओलांडून नवा पंप आणला. नव्याचीही तीच गत. त्या गोळीनं आतलं दारच ओढून धरलं होतं; पंप बाहेरून कितीही धडका मारेना का.

"बाईंना जाऊन सांगा," बायको म्हणाली.

"काय सांगू? औषध लागू पडलंय. छाती दुखत नाही."

"आणि श्वास?"

"हवा वाईट पडलीय."

"हवा मलाही तीच आहे. मी बरी दोन घागरी घेऊन जिना चढते."

"तुला ट्रंपेट वाजवायचा नाही परवा."

परवा नव्या पुलाचं उद्घाटन होतं. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बँड वाजत जाणार, आणि तिथे शेवटचा सूर. तिकडच्या काठावर नदीपलीकडची सगळी गावं उभी राहणार होती, ज्यांनी भात्याचं नुसतं नाव ऐकलं होतं. हा माणूस त्या सुरासाठी दोन महिने झुरत होता.

सकाळी दहाचं ऊन. बँड निघाला. भात्यानं कोटाच्या आत हात घालून घालून किती फवारे ओढले असतील कोण जाणे. पुलाच्या मध्यावर त्याचा ट्रंपेट दोनदा फुसका निघाला. धाकट्यानं त्याचा सूर उचलून धरला आणि गाणं पडू दिलं नाही. त्याबद्दल या शहाण्यानं चालताचालता त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. पलीकडच्या काठावर पोचले. सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली. भात्यानं मान वर केली, ट्रंपेट ओठांना लावला, आणि आत हवाच गेली नाही. पाण्याबाहेर टाकलेल्या माशासारखं तोंड उघडलं, मिटलं. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी कला असेल. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मग त्याचे ओठ निळे पडले आणि गुडघे गेले.

मोठा ड्रम ज्या हातगाडीवरून नेतात तिच्यावरून ड्रम उतरवला आणि त्याला घातला. धाकटा आणि झांजवाला गाडी ढकलत धावले. गर्दीतून बायको मागे धावली. माडीवर नेईस्तोवर त्याच्या छातीतला आवाज जिन्याखाली ऐकू येत होता.

बाईंनी नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि छातीला कान लावून त्या क्षणभर थांबल्या. त्यांना ठरवायचं होतं. "हृदय दमून फुप्फुसात पाणी भरलं तरी अशीच शिट्टी वाजते, आणि दम्यातही वाजते. औषध दोन्हीचं वेगळं. माझ्याकडे वेळ नाही." असं म्हणत त्यांनी कोटाची बटणं तोडली, आणि काखेखालच्या खिशातून पंप त्यांच्या हातात आला.

"हा कुणाचा?"

भात्याला बोलता येत नव्हतं. पण बोट उचलता येत होतं. त्यानं ते उचललं आणि धाकट्याकडे केलं.

आता सांगा. गळ्याशी पाणी आलं तरी माणूस टोपी भिजू नये म्हणून हात वर धरतो, तो हा असा.

बाई धाकट्याकडे वळल्या. "तुमचा आहे?"

धाकट्यानं दादाकडे बघितलं. जन्मभर दुसरा ट्रंपेट वाजवलेला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "हो. माझाच. दादाकडे सांभाळायला दिला होता."

"म्हणजे यांना दमा नाही?"

"नाही, बाई."

बाईंचा हात हृदयाच्या इंजेक्शनांच्या कप्प्याकडे गेला. तेव्हा बायको पुढे झाली आणि तिनं धाकट्या दिराच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याच्या काखेतला ट्रंपेट खाली पडून खोलीभर वाजला.

"गप्प बसा दोघंही! मेले तरी चालेल, पण कळता कामा नये, होय हो? बाई, पंप यांचा आहे. अकरा वर्षं झाली. तो खिसा माझ्या हातचा आहे. तुमच्याकडे आले त्या दिवशी खाली सायकलवाल्याकडे चार फवारे ओढून वर आले, घरी येऊन वर मलाच फुशारकीनं सांगितलं. आज तर मोजदादच नाही. आता काय ते करा!"

बाईंचा हात त्या कप्प्यावरून उठला. त्यांनी दम्याचं, पण त्या पंपातल्याहून वेगळं औषध वाफेत घालून त्याच्या तोंडाला लावलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. तासभर त्या त्याच्या उशाशी उभ्या होत्या. हळूहळू निळे ओठ करडे झाले, करड्याचे माणसाच्या रंगाचे झाले. मग त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

"एकशे आठ," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही मला खोटी नाडी मोजायला लावलीत. मी खोट्या नाडीवर खरी गोळी दिली."

भात्यानं तोंडावरचा वाफेचा मुखवटा बाजूला केला. वाचलेला माणूस पहिलं काय बोलतो? बायकोचं नाव घेईल, निदान पाणी मागेल. हा म्हणाला, "हे बाहेर कळणार नाही ना?"

"माझ्या तोंडून नाही."

आणि बाईंनी शब्द पाळला. गावात बोभाटा झाला, की डॉक्टरीणबाईंच्या गोळीपायी भाता मरता मरता वाचला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. आमचं गाव महिनाभर त्यांच्या जिन्याकडे फिरकलं नाही. तालुक्याला जाऊन, न विचारता लिहिणारा डॉक्टर शोधून आलं. शेणात दगड मारला की शिंतोडे आपल्याच अंगावर येतात, म्हणून मी आमच्या गावाबद्दल जास्त बोलत नाही.

ती गोळी बंद झाली. रक्तवाहिन्या सैल करणारी दुसरी सुरू झाली. "पाय थोडे सुजतील, घाबरू नका," बाईंनी समोर बसलेल्या बायकोला सांगितलं. आता त्या सगळं तिलाच सांगायच्या. दम्याचं रोज घ्यायचं औषध वेगळं दिलं. महिन्याभरात चढावरची कळ गेली आणि पिल्लंही गप्प झाली. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता वाजवायला हरकत नाही. बसून वाजवा. शेवटचा सूर ताणू नका. आणि पंप जवळ ठेवा, लपवून नको, समोर."

तालमीची खोली म्हणजे जुनं गोदाम. भाता आला तेव्हा बँडनं त्याच्या जागी, सगळ्यांच्या पुढे, हाताची खुर्ची मांडून ठेवली होती. धाकट्याची कल्पना. भाता खुर्चीकडे बघत उभा राहिला.

"ही कुणासाठी?"

"दादा, तुझ्यासाठी. बसून वाजव."

"मी सोडतोय," भाता म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी बंदी घातलीय. म्हणाल्या, तुमच्या छातीत इतका जोर आहे की हृदयाला सोसत नाही."

ड्रमवाला ड्रमची दोरी आवळू लागला. शेवटी झांजवाला, वयानं सगळ्यांत मोठा, पुढे आला.

"मास्तर, अहो, संडासाचं दार पत्र्याचं आहे. ते फुस्स फुस्स आम्ही अकरा वर्षं ऐकतोय. दोनदा झालं की आम्ही वाद्यं उचलायचो. आमचा इशाराच होता तो. बसा आता, कशाला उगाच."

पंधरा माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यातल्या एकाच्याही डोळ्यांत हसू नव्हतं. एवढं पदरात पडलेलं पुष्कळ होतं. दुसरा कुणी असता तर त्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडला असता आणि मग वाजवायला लागला असता.

"ते मी नव्हे," भाता म्हणाला. त्यानं ट्रंपेट खुर्चीवर ठेवला आणि छाती पुढे काढून दाराबाहेर गेला.

त्याला कुणी काढलं नाही. रोगानं काढलं नाही, औषधानं नाही, बाईंनी तर नाहीच. आता संध्याकाळी तो घरी खिडकीशी बसतो. दोन गल्ल्या पलीकडे तालीम चालू असते. बायको खाली मान घालून धाकट्याचा कोट शिवत असते. धाकट्यानं छातीचं माप अंगाबरोबर घ्यायला सांगितलं आहे.

"सूर खाली लावलाय त्यानं," भाता म्हणतो.

"मग जा आणि वर घ्या. खुर्ची अजून रिकामीच ठेवतात."

भाता उठतो आणि खिडकी लावून घेतो.

"धूळ येते," तो म्हणतो.